बाबांनी फोन केला तेव्हा दोन तास उलटून गेले होते

"अगं, काँप्युटरला काहीतरी झालंय. घाई नाही, सवड मिळाली की ये."

बाबा दोनदा "घाई नाही" म्हणाले, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ते नौपाड्यात राहतात, मी ऐरोलीला. हातातलं काम टाकलं आणि मिळाली ती ठाणे लोकल पकडली.

घरी पोचले तर टेबलावरच्या चहावर साय धरली होती. बाबा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेले, आणि समोर पडद्यावर माउसचा बाण आपोआप फिरत होता. काही न विचारता मी आधी राउटरचा प्लग ओढला. बाण जागच्या जागी थांबला.

मग हळूहळू सगळं कळलं. वीजबिल शोधताना बाबांनी एका जाहिरातीवर क्लिक केलं. पडदाभर निळी सूचना आली, भोंगा वाजायला लागला: काँप्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा. बाबांनी केला. पलीकडचा माणूस मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय म्हणाला, अगदी अदबीने. त्याने दुरून ताबा घेता येणारं एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, विंडोजमधलं, मशीनच्या नोंदी दाखवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं आणि लाल चिन्हांची लांबलचक यादी दाखवली. "बघा, एवढे व्हायरस." दुरुस्तीचे दहा रुपये भरा म्हणत त्याच मशीनवर नेट बँकिंग उघडायला लावलं. दोन व्यवहारांत ४८ हजार गेले.

खरं तर मायक्रोसॉफ्टच्या बिघाडाच्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. असा पडदा आला तर एस्केपचं बटण दाबून धरायचं आणि ते पान बंद करायचं, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. तेवढ्याने तो जातो. पण हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

पैसे गेल्याचा मेसेज बाबांनी तेव्हाच वाचला होता. पुढचे दोन तास ते त्याच माणसाकडे पैसे परत मागत राहिले. "तू रागावशील असं वाटलं गं," म्हणाले. मी रागावले नाही. त्या वेळी माझ्या तोंडून एक शब्द जरी तिरका गेला असता, तर ते गप्प झाले असते आणि पुढचं काहीच कळलं नसतं.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. तिसऱ्या खेपेला लागला. खाते क्रमांक, व्यवहारांचे क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारली, म्हणून बँकेचे मेसेज समोर ठेवूनच फोन करावा. तक्रारीचा क्रमांक मिळाला. लगेच बँकेला फोन करून नेट बँकिंग आणि कार्ड बंद करवलं, आणि रात्री सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर सगळी तक्रार भरली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे एकेका मिनिटाला किंमत आहे.

३० हजार समोरच्या खात्यात गोठवता आले. ते पाच महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशानंतर परत मिळाले. उरलेले १८ हजार त्या दोन तासांतच काढले गेले होते.

काँप्युटरवर मात्र माझा विश्वास उरला नव्हता. नुसतं ते ॲप काढून भागणार नव्हतं, त्या माणसाने मागे काय ठेवलंय कुणास ठाऊक. डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन केला, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड बदलले ते माझ्या फोनवरून, आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्याच वाटेने बदलता येतात. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. बाबांच्या रोजच्या वापरासाठी विंडोजमध्ये साधं खातं केलं. सगळे अधिकार असलेल्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड वेगळा, त्यामुळे बहुतेक प्रोग्रॅम टाकताना तो मागितला जातो. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं. हार्ड डिस्क आता कपाटात असते, महिन्यातून एकदाच जोडायची. कायम जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

एवढं होऊनही बाबा काँप्युटरपाशी जाईनात. एका रविवारी मी माझा लॅपटॉप नेला आणि त्यांच्यासमोर इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. तीच लाल चिन्हं, तशीच लांब यादी. विंडोजची पडद्यामागे चालणारी एखादी सेवा वेळेवर सुरू झाली नाही तरी तिथे नोंद पडते, चांगल्या चालत्या मशीनवरसुद्धा.

बाबा बराच वेळ यादी वर-खाली करत राहिले. "म्हणजे तुझ्याकडेही आहेत ही," म्हणाले. मग चष्मा काढून ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारली. तिला त्यांनी तोवर रक्कम सांगितली नव्हती.