तुम्ही विचारलंत म्हणून: नाव ठेवणाऱ्यांविषयी

'व्हायोलेट एव्हरगार्डन' या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या फुलांविषयी मी बोलायला लागले की कोणीतरी हमखास विचारतं, "हे सगळं खरंच त्या मालिकेत आहे, की तुम्ही ओढूनताणून लावता?" परवा पुन्हा विचारलंत. विचारण्यात वाईट हेतू नसतो, हे कळतं मला. पण दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मी गप्प बसते आणि नंतर रात्रभर माझ्याशीच भांडत राहते. म्हणून या वेळी सगळं लिहून काढते आहे.

मालिका तुम्ही पाहिलेली आहे, नाहीतर विचारलंच नसतं. तेव्हा युद्ध, धातूचे हात, इतरांसाठी पत्रं लिहिणारी ती मुलगी, हे पुन्हा सांगत नाही. पात्रांची फुलांवरून आलेली नावंही तुमच्या ओळखीची आहेत. व्हायोलेट, आयरिस, एरिका, कॅटलिया, लुकुलिया, मॅग्नोलिया आणि बोगनवेलिया. एवढी फुलं एका गोष्टीत चुकून येत नाहीत. काना आकात्सुकी यांच्या मूळ कादंबरीवरून 2018 मध्ये क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने तेरा भागांत ही मालिका पडद्यावर आणली. त्यामुळे 'फुलं आहेत का' हा प्रश्न उरतच नाही. ती तिथे काय करतात, एवढंच बोलायचं आहे.

जपानमध्ये प्रत्येक फुलाला एक अर्थ चिकटवलेला असतो. एरिकाला एकटेपणा, व्हायोलेटला नम्रता आणि सचोटी, आयरिसला चांगली वार्ता. पूर्वी मीही असे तक्ते करायचे. एका रकान्यात फूल, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात पात्र. जुळलं की केवढा आनंद व्हायचा. टपाल कंपनीत काम करणारी आयरिस आणि तिच्या फुलाचा अर्थ चांगली वार्ता, याहून गोड काय असणार? पण तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, की बाई, व्हायोलेट नम्र कुठे आहे? जिला आपल्याला मन आहे हेच ठाऊक नाही, तिची नम्रता कसली? हुकूम पाळणं आणि नम्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्ता भरला की फूल संपतं आणि माणूसही संपतो.

मला त्या तक्त्यातून बाहेर काढलं चौथ्या भागाने. आयरिस आपल्या गावी, काझालीला जाते, व्हायोलेट तिच्यासोबत असते. वाढदिवसाच्या नावाखाली आईवडिलांनी तिच्यासाठी स्थळं बोलावलेली आहेत आणि त्यांत तिला पूर्वी नकार दिलेला मुलगाही आलेला. आयरिस कोलमडते, व्हायोलेटवर चिडते. पुढे ती व्हायोलेटला सांगते, की तिचा जन्म झाला तेव्हा आजूबाजूला आयरिस फुलली होती, म्हणून आईवडिलांनी हे नाव ठेवलं. आणि व्हायोलेटला आठवतो तिचा सैन्यातला वरिष्ठ, मेजर गिल्बर्ट. "तू हत्यार नाहीस, या नावाला साजेशी व्यक्ती होशील," असं म्हणून त्याने तिला नाव दिलं होतं.

इथे दोघींच्या फुलांचे अर्थ जुळत नाहीत, जुळते ती त्या नावांची गोष्ट. दोघींनाही कोणीतरी नाव दिलं, देताना एक इच्छा बाळगली, आणि ती इच्छा आता या मुलींनी वागवायची आहे. एकीला ती प्रेमामुळे जड होते आहे. दुसरीकडे त्या इच्छेखेरीज काही नाहीच. मी समांतर म्हणते ते हे. पात्रासारखं फूल शोधू नका. फूल कोणी दिलं ते शोधा.

आता वनस्पतीचंही बोलते, कारण तिथेच तुम्ही मला 'ओढूनताणून'वाली म्हणता. व्हायोलेटच्या अनेक जातींना दोन तऱ्हेची फुलं येतात. वसंतात येतात ती जांभळी, सगळ्यांना दिसणारी. नंतर उन्हाळ्यात काही फुलं अशी येतात की ती उमलतच नाहीत. कळी मिटलेलीच राहते, आतल्या आत स्वतःच्याच परागांनी फळते आणि तिच्यातूनही बी पडतं. ते बी मुंग्या ओढून नेतात, म्हणून जपानमध्ये ही रोपं फरसबंदीच्या फटीत उगवलेली दिसतात. मिटलेली राहूनही बी धरणारं, आणि कुठल्या फटीत रुजायचं हे दुसऱ्यांनी ठरवलेलं रोप. आकात्सुकींच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. मी एवढंच म्हणते की हे कळल्यावर पहिल्या भागातली पलंगावर बसलेली ती मुलगी मला पूर्वीसारखी दिसत नाही.

आणि बोगनवेल. ही तर आपल्या दारातली, सोसायटीच्या कुंपणावरची. आपण जिला फूल म्हणतो ती गुलाबी पापुद्र्यांची जुडी म्हणजे खरं फूल नव्हेच, ती रंगीत सहपत्रं, म्हणजे फुलाभोवतीची पानं. फूल आत असतं, पांढुरकं, एवढंसं. शिवाय काटे. हे आडनाव दोन भावांचं आहे. थोरला डिटफ्रीड नौदलात, धाकटा गिल्बर्ट भूदलात. वेलीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो लुई आंत्वान द बूगँव्हिल हा फ्रेंच माणूस आधी सैन्यात होता, कॅनडातल्या युद्धात लढला, मग आरमारात गेला आणि 1766 ते 1769 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. म्हणजे एका माणसाच्या आयुष्याचे दोन भाग दोन भावांना वाटून दिल्यासारखं होतं. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.

हे सगळं सांगितल्यावर तुम्ही मान हलवता आणि विचारता, "पण तुम्हाला यात एवढं अडकायला काय झालं?" हा तुमचा खरा प्रश्न, आणि आजवर मी तो टाळत आले.

आमच्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते. दादाला मुलगी झाली तेव्हा तिच्या कानात कुर्र करून नाव सांगणारी मी होते. केतकी. गुहागरच्या बाजूला आमचं गाव. तिथे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेने केवड्याचं, म्हणजेच केतकीचं बन आहे. गणपतीत तिथून केवडा आणायचं काम लहानपणी दादाचं आणि माझं असे. हातापायांवर ओरखडे घेऊन घरी यायचो आणि दोन दिवस अंगाला वास येत राहायचा. ते सगळं मला त्या पाळण्यातल्या पोरीला द्यायचं होतं. शंकराची गोष्ट मला माहीत होती. लिंगाचा शेंडा सापडल्याची थाप ब्रह्मदेवाने मारली, केतकीने खोटी साक्ष दिली आणि शंकराने शाप दिला की तू माझ्या पूजेत येणार नाहीस. माहीत असूनही मी तेच नाव ठेवलं. माझ्या लेखी केतकी त्या पुराणातली नव्हतीच, ती पऱ्याकडेची होती.

पुढे ती मोठी झाली आणि 'व्हायोलेट' आम्ही दोघींनी मिळून पाहिली. ती अठरा वर्षांची झाली त्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. सकाळी माजघरात मी केवडा सोडवत बसले होते. कणीस हातात घेतलं की आधी बाहेरची हिरवी पानं काढावी लागतात. त्यांच्या दोन्ही कडांना काटे, आणि पाठीच्या शिरेवरही उलटे काटे, त्यामुळे कुठूनही धरलं तरी बोट सापडतंच. मग आत पिवळट पांढरी पानं लागतात, ओलसर, एकीत एक गुंडाळलेली, आणि त्यांच्यात ती पिठासारखी परागांची भुकटी. तिचा वास घरभर होतो. केतकी दारात उभी होती.

"आत्या, मी नाव बदलतेय. राजपत्राचा अर्ज भरलाय."

मी विचारलं, काय ठेवणार? म्हणाली, "ते ठरलं नाही अजून. आधी हे जाऊ दे."

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांची असताना महाशिवरात्रीला ती वहिनींच्या माहेरी गेली होती. देवळात बायका बेल वाहत होत्या. नात्यातल्याच एका बाईने हिचं नाव विचारलं आणि चारचौघींत म्हणाली, "केतकी? शंकराला वर्ज्य गं ती. खोटं बोलली होती. नाव ठेवताना कोणाला सुचलं नाही का?" सगळ्या हसल्या. वाईट बोलायचं म्हणून नव्हे, सहजच. हिने हातातला बेल शेजारच्या मुलीकडे दिला आणि मागे जाऊन उभी राहिली. त्यानंतर दर महाशिवरात्रीला तिचं डोकं दुखायचं. आम्ही गोळी द्यायचो.

मी म्हटलं, "साक्ष द्यायला लावली ती ब्रह्मदेवाने. फुलाचा काय दोष?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "थाप त्याची, शाप फुलाला आणि नाव मला."

मी काहीतरी समजूत घालायला गेले. गणपतीला केवडा चालतो, बघ ना, आत्ता वाहायचाच आहे. त्यावर ती जे बोलली ते मला तोंडपाठ आहे. "तू व्हायोलेट बघून रडतेस ना? 'नावाला साजेशी हो' म्हणणाऱ्या माणसाने तिला पुढे कुठे नेलं? लढाईवर. नाव दिल्याने तो चांगला ठरला का? आणि साजेसं व्हायचं तिनेच का? त्याने का नाही?"

आतून दादाची हाक आली, आधी आरती होऊ दे. आरती झाली. गणपतीच्या मुकुटावर केवड्याचं पान चढलं. ती शेवटच्या रांगेत उभी होती, टाळ्या वाजवत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मंत्रपुष्पांजलीला हातात फुलं घेतली तेव्हा माझ्या बोटांना केवड्याचा वास होता, आणि त्या दिवशी तो मला सोसवेना.

मी चुकले असं मी तिला म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. पाळण्यातल्या जिवाला विचारून नाव ठेवता येत नाही. कोणी ना कोणी आपल्या मनातलं काहीतरी त्याच्यावर घालणारच. मी माझं सगळ्यात चांगलं ते घातलं. पण तिचा प्रश्न खोटा नाही, आणि त्या दिवसापासून मी ती मालिका नाव ठेवणाऱ्यांच्या बाजूने बघायला लागले. मग मला 2020 चा चित्रपट कळला. गिल्बर्ट जिवंत आहे, एकार्ट बेटावर मुलांना शिकवतो आणि झिल्बेर या नावाने राहतो. जिला तो म्हणाला नावाला साजेशी हो, तिच्यासमोर यायची त्याची हिंमत नाही, कारण लढाईवर तिला त्यानेच नेलं होतं. स्वतःचं नावही त्याने टाकून दिलंय. म्हणजे केतकीचा प्रश्न चित्रपटाने विचारलेला होता. मला तो तिच्या तोंडून ऐकावा लागला.

सगळीच नावं अशी जड होत नाहीत, हेही सांगायला हवं. ॲन मॅग्नोलियाचं बघा. आजारी आई मुलीसाठी पन्नास वर्षांची पत्रं लिहवून ठेवते, दर वाढदिवसाला एक. पुढे ती पत्रं सापडतात ॲनच्या नातीला, डेझीला. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं मोठं झाड, आणि डेझी गवतात उगवणारी. त्या घराण्यात नाव पुढे जाताना हलकं होत गेलं. एवढ्या दोन नावांत मला तीन पिढ्या दिसतात.

आणि पडद्याबाहेरचंही एक. 18 जुलै 2019 ला क्योटो ॲनिमेशनच्या इमारतीला एका माणसाने आग लावली, 36 जण गेले. त्यानंतर सप्टेंबरात या मालिकेचा उपचित्रपट आला, तेव्हा कामाला वर्ष न झालेल्या नवख्यांचीही नावं श्रेयनामावलीत घातली होती. एरवी त्या स्टुडिओत तशी पद्धत नव्हती. ती यादी मी उठून न जाता शेवटपर्यंत बघते. तुम्ही मला विचारता की नावांना एवढं महत्त्व कशाला. त्यांना विचारा.

तक्ता जुळत नाही अशी पात्रं आहेत, मान्य. टपाल कंपनीचा मालक हॉजिन्स, त्याचं पाळण्यातलं नाव क्लॉडिया, बाईचं. त्याला मी फूल चिकटवू शकत नाही आणि चिकटवणारही नाही. त्याच कंपनीतल्या बेनेडिक्टसाठीही बरेच जण फूल शोधतात. शोधोत. मला त्यात रस नाही.

मला आता रस आहे तो डिटफ्रीडमध्ये. व्हायोलेटला त्याने कधी नाव दिलंच नाही, ती वस्तू आहे असं सांगून धाकट्या भावाच्या हवाली केली. घराण्याच्या रिवाजाला नकार देऊन हाच नौदलात गेलेला. आणि चित्रपटाच्या शेवटी हाच बेटावर येऊन गिल्बर्टला सांगतो, की बोगनवेलिया घराणं मी सांभाळतो, तू मोकळा हो. काटे असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या डोक्यावरचं नाव उतरवून आपल्या डोक्यावर घेतलं. मी म्हणते, साऱ्या मालिकेत नावाचं असं देणं दुसऱ्या कोणी दिलं नाही. केतकी म्हणते, त्याने आधी त्या मुलीची माफी मागायला हवी होती, घराणं नंतर. तिच्या अर्जाचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. घरी तिला केतकीच म्हणतात, ती ओ देते. डिटफ्रीडवरून मात्र आमचं फोनवर अजून वाजतं, आणि त्या भांडणात ती मला एक इंचही सोडत नाही.