मान वर करून

दुपारी माळ्यावरची बॅग काढताना मान आखडली. आयोडेक्स चोळत बसलो आणि त्या वासाबरोबर थेट व्हॅटिकनमधलं, मायकेलअँजेलोनं छत रंगवलेलं सिस्टाइन चॅपेल आठवलं. तिथेही मान अशीच धरली होती.

तिकीट ‘अर्ली अ‍ॅक्सेस’चं. म्हणजे व्हॅटिकनची दारं सगळ्यांसाठी उघडायच्या आधी आम्हा वीसेक जणांना आत सोडणार. इकडे व्हीआयपी पासवाल्यांच्या नावानं मी बोटं मोडतो, तिकडे युरो मोजून तेच केलं. बायकोनं ते पहाटेच्या थंडीत, रांगेत उभ्या उभ्या ऐकवलंच.

गाइडबाईंनी सगळं बाहेर अंगणातल्या फलकांपुढेच सांगून टाकलं, आत त्यांना बोलायची मुभा नसते. छताचं काम १५०८ ते १५१२. मायकेलअँजेलो पाठीवर पडून रंगवायचा, असं मी शाळेपासून समजत होतो. पण तो उभाच असायचा, परांचीवर, मान मागे टाकून. गिलावा ओला आहे तोवर रंग भरायचा, वाळला की दिवस संपला. या कामानं गळ्याला गलगंड आलंय, दाढी आभाळाकडे लागलीय, ब्रशचा रंग तोंडावर ठिबकतोय, अशी रड त्यानं एका मित्राला कवितेतून कळवलीय. शेजारी वर हात करून रंगवणारा माणूसही काढलाय. हे ऐकल्यावर मला तो एकदम आपला वाटला.

आत गेलो. वीस मीटर उंची, आमच्या सोसायटीचा सहावा मजला. कोणी बोलत नव्हतं, तरी रखवालदार सवयीनं ‘सिलेन्झिओ’, म्हणजे शांतता, म्हणाला. देवाकडे हात केलेल्या आदमचं बोट शोधलं, सापडलं, अपेक्षेपेक्षा लहान निघालं. पाच मिनिटांत मान बोंबलली. मग मी भिंतीलगतच्या बाकावर बसून खालची फरशी बघत राहिलो. रंगीत दगडांच्या तुकड्यांची वर्तुळं, एकातून एक निघालेली, कुणी पाय न दिलेल्या रांगोळीसारखी. एवढे पैसे भरून फरशी!

पण पहाटे देवळात मी लहानपणापासून फरशीच बघत आलोय. कार्तिकात आजी काकड्याला न्यायची. अंगावर तिची शाल, डोळ्यांत झोप, समोर मोठ्यांच्या पोटऱ्या. ओढ खरी आरतीनंतरच्या लोणी-साखरेची. आजी तेव्हा कमरेतून पार वाकलेली होती, मान वर होत नव्हती. विठोबासमोर उभी राहूनही तिला त्याचे पाय तेवढे दिसायचे. म्हणून मला मंडपाच्या पायरीवर चढवून विचारायची, “आज कोणता अंगरखा घातलाय रे? नीट बघ.” मी अर्धवट झोपेत “हिरवा” म्हणायचो. बहुतेक रोज हिरवाच. ती “शोभतो हो त्याला” म्हणून हात जोडायची.

चॅपेलमध्ये एका कोपऱ्यात काळपट चौकोन मुद्दाम तसाच ठेवलाय. १९८० पासून १९९४ पर्यंत ही चित्रं धुतली, त्याआधी ती कशी दिसत होती ते कळावं म्हणून. शेकडो वर्षांच्या मेणबत्त्यांची काजळी. आमच्या गाभाऱ्याच्या कमानीला होती तशीच. धुतल्यावर रंग एवढे भडक निघाले की काही जाणकार चिडलेच, नको तेही पुसलं म्हणून.

बाहेर निघायच्या आधी मानेला हातानं आधार देऊन एकदा वर बघितलं. डेल्फीची सिबिल, म्हणजे भविष्य सांगणारी बाई, हातात गुंडाळी, नजर भलतीकडेच, कुणी हाक मारल्यासारखी. तिचा झगा हिरवा आहे, आजी. या खेपेला बघून सांगतोय.