वसतिगृहातील संध्याकाळ आणि समुपदेशनाची वेळ

पुणे, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. महाविद्यालयात सकाळी व्याख्यान झाले, भित्तिपत्रके लागली, मुलींनी प्रवेशद्वाराशी रांगोळीही मन लावून काढली होती. हे सर्व व्हायलाच हवे. परंतु मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून संध्याकाळनंतर मला जे दिसते ते सकाळच्या सभागृहात दिसत नाही, म्हणून ते आज सविस्तर लिहून ठेवते आहे.

एखादी मुलगी खचत चालली आहे हे आमच्याकडे सर्वांत आधी कळते ते मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना. ताट अर्धे तसेच परत येऊ लागते, जेवणाची वेळ टळू लागते, सकाळच्या नाश्त्याला तर ती खाली उतरतच नाही. मग खोलीतल्या मैत्रिणींच्या लक्षात येते की ती रात्रभर जागी असते आणि दुपारी तासांना न जाता झोपून राहते. शिक्षकांपर्यंत गोष्ट पोहोचते ती हजेरी कमी भरल्यावर, आणि घरच्यांना समजते ते निकाल लागल्यावर. म्हणून मावशींना मी सांगून ठेवले आहे की त्यांनी मुलीला प्रश्न विचारून बेजार करू नये, उपदेशही करू नये. जे दिसले ते फक्त माझ्या कानावर घालावे. उदासी, झोप आणि भूक बिघडणे, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालू राहिले, तर ‘परीक्षेचे टेन्शन’ म्हणून ते सोडून देता येत नाही; तज्ज्ञाकडे जाण्याची ती वेळ असते.

यंदा परीक्षेपेक्षाही मोठे ओझे घेऊन काही मुली वावरत आहेत. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, सोलापूर भागातल्या शेतांत पाणी उभे राहिले, काढणीला आलेले सोयाबीन गेले, काहींच्या घरांतही पाणी शिरले. फोनवर आई म्हणते, “इकडची काळजी करू नको, तू अभ्यास कर,” आणि ते ऐकूनच मुलीच्या जिवाला अधिक घोर लागतो. त्यांतल्या एकीने मेसचे बिल कमी यावे म्हणून रात्रीचे जेवण बंद केले होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या अनेक मुलींचे शिक्षणशुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून माफ केले, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण जेवण, खोली, प्रवास, झेरॉक्स यांचा खर्च उरतोच. अशा मुलीला ताणतणाव-व्यवस्थापनाच्या शिबिरात बसवणे मला पटत नाही. तिच्या बिलाचे हप्ते पाडून घेतले आणि जेवण पुन्हा सुरू झाले, त्यानंतरच ती समुपदेशक बाईंशी मोकळेपणाने बोलू शकली. पोट, झोप आणि पैसा यांना वगळून विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी घेता येते, असे मला वाटत नाही.

समुपदेशक आमच्याकडे आता आहेत, याचे मला खरोखर समाधान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्यास सांगितले आणि मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. या राज्यात तरी त्या निकालाकडे केवळ कागदी पूर्तता म्हणून कोणी पाहू नये. आमच्या समुपदेशक बाई मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते एक या वेळेत येतात. तेव्हा बहुतेक मुलींची प्रात्यक्षिके असतात. बाईंची खोली शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर आहे, त्यामुळे आत कोण गेली हे तिथल्या रांगेला सहज दिसते. मुली येत नाहीत, अशी तक्रार कार्यालयात ऐकू येते. माझ्या मते त्या जागी आणि त्या वेळी कोणीही आले नसते.

मुलींना सर्वांत मोठी भीती असते ती घरी कळण्याची. शिक्षण थांबवून लग्न लावून देतील, असे एकीने मला स्पष्टच सांगितले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे काही मोजके अपवाद सोडले, तर तिची माहिती परस्पर कोणाला देता येत नाही. हे प्रत्येक मुलीला प्रवेशाच्या दिवशीच सांगितले गेले पाहिजे, अपवादांसह. सगळेच गुप्त राहील, असे खोटे आश्वासन मी कधीही देत नाही.

आणखी एक गोष्ट तरुण सहकाऱ्यांना सांगावीशी वाटते. एखादी विद्यार्थिनी “आता काही अर्थ उरला नाही” असे बोलू लागली, तर “जीव द्यावा असे मनात येते का?” हे तिला शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर तिला एकटी सोडू नये आणि त्याच वेळी तज्ज्ञाची मदत मिळवावी. आपण ऐकून घ्यायचे असते. उपचार करणे आपले काम नाही.

समुपदेशनाची वेळ संध्याकाळी सहा ते आठ ठेवावी आणि खोली ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला हलवावी, असे पत्र मी प्राचार्यांना आज दुपारी दिले आहे. सोमवारच्या बैठकीत ते मांडले जाईल. दरम्यान पुढच्या आठवड्यात मुली दिवाळीसाठी गावी निघतील. तिकडे समुपदेशक नसतील, म्हणून १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा क्रमांक ठळक अक्षरांत छापून घेतला आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आजच्याच तारखेला सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. उद्या तो प्रत्येक मजल्यावर लावून घेईन, आणि सुट्टीच्या अर्जावर सही करताना प्रत्येकीकडून तो फोनमध्ये नोंदवून घेईन.