प्राणसूक्ताची संथा घेताना

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातलं चौथं सूक्त म्हणजे प्राणसूक्त. मंत्र 26, ऋषी भार्गव वैदर्भी. आम्ही अमरावतीचे, त्यामुळे ते नाव ऐकताच परक्या शहरात आपल्या गावचं माणूस भेटावं तसं मला झालं. प्रश्नोपनिषदात दुसरा प्रश्न विचारणारा ऋषीही याच नावाचा: शरीराला धरून ठेवणारे देव किती, आणि त्यांत श्रेष्ठ कोण? त्या उपनिषदातले गुरू पिप्पलाद उत्तर देतात ते गोष्टीतून. वाणी, मन, डोळे, कान सगळे मोठेपणा सांगत असतात. प्राण नुसता निघायला उठतो, आणि त्याच्यामागे बाकीच्या सगळ्यांना उठावं लागतं.

नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या बाईला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माझा एक्स-रे स्वच्छ आला होता, औषधं संपत आली होती, श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं ते प्लास्टिकचं यंत्र रोज चालू होतं. तरी जिन्याच्या मध्यावर थांबावं लागे, आणि फोनवर बोलताना वाक्य पुरं व्हायच्या आत दम संपे. माझ्या वहिनी एका गुरुजींकडे सूक्तं शिकतात. त्यांनी मला सोबत नेलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, जरूर म्हणा, पण बसून म्हणा आणि चक्कर आली तर थांबा.

संथेची रीत जुनीच आहे. गुरुजी एकदा म्हणतात, आपण दोनदा. आधी एक चरण, मग अर्धी ऋचा, मग पूर्ण. मंत्राचे स्वर तीन. अक्षराखाली आडवी रेघ असेल तर अनुदात्त, आवाज खाली. डोक्यावर उभी रेघ असेल तर स्वरित. उदात्ताला खूण नसते. आपल्याकडे ऋग्वेदी आणि यजुर्वेदी पाठ करणारे पुष्कळ भेटतात, अथर्ववेद म्हणणारे फार थोडे, त्यामुळे गुरुजी स्वरांच्या बाबतीत कडक होते. रेघ चुकली की चरण पहिल्यापासून. मला ते आवडायचं. चूक दाखवणारा माणूस समोर असला की मन दुसरीकडे जात नाही.

अडचण स्वरांची नव्हती, श्वासाची होती. बहुतेक ऋचा अनुष्टुभातल्या, म्हणजे चरणाला आठ अक्षरं, अर्ध्या ऋचेला सोळा. माझा श्वास सहाव्या-सातव्या अक्षराला तुटायचा. मग मी प्रत्येक चरणाआधी छाती भरून हवा ओढायची, खांदे वर जायचे, आणि तरी पुरायचं नाही. गुरुजींनी एकदाच सांगितलं, "ताई, घेण्याची काळजी सोडा. सोडताना सावकाश सोडा." आणि त्यांनी मध्येच सातवी ऋचा घेतली:

नमस्ते अस्त्वायते नमो अस्तु परायते।
नमस्ते प्राण तिष्ठत आसीनायोत ते नमः॥

येणाऱ्या प्राणा, तुला नमस्कार. जाणाऱ्या प्राणा, तुलाही. उभा असशील तरी, बसला असशील तरी. आजारपणात मी फक्त येणाऱ्या श्वासाची वाट बघत होते, जाणाऱ्याची मला भीती वाटत होती. आणि मंत्र तर सगळा जाणाऱ्या श्वासावरच म्हणायचा असतो! हे कळल्यावर पाठ बदलला. पोट सैल सोडून श्वास आपोआप येऊ द्यायचा, आणि अक्षरं हळूहळू खर्चायची. दीर्घ स्वराला त्याच्या पूर्ण मात्रा द्यायच्या, ऱ्हस्वावर रेंगाळायचं नाही.

2001 साली इटलीतल्या पाव्हियाच्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि 'ॐ मणिपद्मे ॐ' म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता, आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही त्याला धरून चालत होती. सहा म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. घरी घड्याळ समोर ठेवून पाहिलं, तर गुरुजींच्या विलंबित गतीने अर्धी ऋचा म्हणून पुढचा श्वास घेईपर्यंत जवळपास तेवढाच वेळ जातो.

आठव्या ऋचेने मात्र पुष्कळ दिवस दमवलं. तिला चाराऐवजी पाच चरण आहेत, आणि शेवटचा 'सर्वस्मै त इदं नमः' येईपर्यंत माझ्याजवळ काही उरतच नसे. तो चरण स्वच्छ निघाला त्या दिवशी वहिनींनी नुसता माझा हात दाबला.

मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या सुरुवातीच्या पावसाच्या ऋचा. प्राण इथे नाकातला वारा नाही, तो गडगडतो, चमकतो, बरसतो. तो पृथ्वीवर बरसला की गुरं आनंदतात, आता आपलं भरपूर होणार म्हणतात. भिजलेल्या वनस्पती त्याच्याशी बोलतात: तू आमचं आयुष्य वाढवलंस, आम्हा सगळ्यांना सुगंधी केलंस. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या कपाशीच्या मुलखात वाढलेल्या कुणालाही हे अगदी घरातलं वाटेल. मी अंगात 'शक्ती' यावी म्हणून गेले होते. या ऋचा म्हणताना जाणवलं, की ती माझ्या एकटीची कधी नव्हतीच. अंगणातल्या तुळशीची आणि माझी ती एकच आहे.

आता जिना न थांबता चढते. ते श्रेय मी फिरण्यालाही देते, औषधांनाही. पण बोलताना वाक्य पुरं होतं, आवाज शेवटपर्यंत टिकतो, आणि पहाटे दचकून जाग येणं थांबलं, ते या पाठानेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर सगळं सूक्त एकदम घेऊ नका. सातवी आणि नववी ऋचा आधी घ्या. नववीत प्राणाकडे त्याच्याजवळचं औषध मागितलं आहे, 'तस्य नो धेहि जीवसे', आम्ही जगावं म्हणून. आठवी मागून. आणि ध्वनिफितीवरून शिकण्यापेक्षा, जमत असेल तर, समोर बसून संथा घ्या.