ट्रान्सअ‍ॅक्सल घरी उतरवला, पण गाडी अडली सिरियल नंबरवर : माझा अनुभव

२०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आमच्या समा भागातल्या सोसायटीची गोल्फ कार्ट निम्म्या चाकांच्या वर पाण्यात उभी होती. सीटखालच्या बॅटऱ्या वाचल्या. मोटर वाइंडरने भट्टीत वाळवून दिली आणि गाडी पुन्हा चालायला लागली. पण ट्रान्सअ‍ॅक्सलचं, म्हणजे मोटरची फिरकी चाकांना देणाऱ्या गिअर असलेल्या मागच्या अ‍ॅक्सलचं तेल तपासा, असं गाडी बघायला आलेल्या माणसाने सांगितलं नाही. दिवाळीनंतर मागून घरघर सुरू झाली. वेग वाढला की आवाज वाढायचा, आणि पेडल सोडलं तरी गाडी घरंगळत असेपर्यंत थांबायचा नाही. पेडल सोडल्यावरही आवाज राहिला, तर मोटरपेक्षा आधी बेअरिंगकडे बघायचं.

आमची सोसायटी लांबलचक आहे. शेवटच्या विंगमधल्या एका आजोबांना वॉकरवर गेटपर्यंत यायचं म्हणजे वाटेत तीनदा थांबावं लागतं. ही कार्ट त्यांच्यासारख्यांसाठीच वर्गणी काढून, सेकंडहँड घेतली होती. मी कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल केलेलं, पुढे मकरपुरा जीआयडीसीत बरीच वर्षं नोकरी. त्यामुळे काम माझ्या पोर्चमध्ये करायचं ठरलं, मदतीला भाचा.

उतरवणं अवघड नाही. आधी 'टो-रन' (ओढणे-चालवणे) स्विच 'टो'वर, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. ४८ व्होल्टचा झटका कदाचित फार बसणार नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो लाल होतो. गाडी घरंगळू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट लावायची. जॅकने फक्त उचलायचं. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. ड्रम, ब्रेकच्या केबल, अ‍ॅक्सलची सर्कलिप (लॉक रिंग), मोटरचे बोल्ट, शेवटी स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट असा क्रम. मोटर वजनदार असते, बोल्ट निघाले की ती स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी टोकावर) लोंबकळू देऊ नका, खाली लाकडी ठोकळा हवा. तेलाचा बोल्ट उघडल्यावर बासुंदीच्या रंगाचं दाट पाणी बाहेर आलं. अ‍ॅक्सलच्या घरावर (हाउसिंगवर) हवा जायला एक छोटी ब्रीदर असते, तिच्यावरून पाणी गेलं की ते आत उतरतं आणि तिथेच बसून राहतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग पार्टसाठी डीलरकडे फोन केला आणि तिथे जे अडकलो, ते आठवलं की अजून डोकं तापतं.

मला हवी होती फक्त बेअरिंगं आणि ऑइल सील. पार्टच्या काउंटरवरून उत्तर आलं, "मॅडम, फॉर्म भरा." फॉर्ममध्ये गाडीचा सिरियल नंबर कंपल्सरी. तो असतो स्टिकरवर, आणि आमच्या गाडीचं स्टिकर मूळ मालकाच्या उन्हातच पांढरं पडलेलं. टॉर्च तिरका धरून, वर पावडर चोळून आम्ही आकडे वाचले, फोटो काढून पाठवला. फोटो अस्पष्ट आहे म्हणून परत. दुसरा पाठवला. तो चालला, पण आता मूळ खरेदीचं बिल हवं. बिल ज्या रिसॉर्टच्या नावावर, तो बंद पडलेला. त्यांच्या जुन्या हिशेबनीसाला शोधून, विनवण्या करून बिलाची झेरॉक्स मिळवली. ती पाठवल्यावर उत्तर आलं की बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव वेगळं आहे, तरी सोसायटीच्या लेटरहेडवर मालकी बदलल्याचं पत्र द्यावं. कमिटीची मीटिंग बोलावली, ठराव केला, सह्या घेतल्या, पत्र दिलं.

दरम्यान त्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: हाउसिंग उघडू नका. जुना ट्रान्सअ‍ॅक्सल न उघडलेला असेल तरच एक्स्चेंजमध्ये घेऊ, नाहीतर ती सवलत जाईल. पैसे सोसायटीचे, म्हणून तो बिनउघडा, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवला. आत पाण्याचे थेंब होतेच. रोज जाता-येता मला दिसायचं की आत गंज वाढतो आहे आणि मी त्याला हात लावू शकत नाही.

फोनवर माणूस सापडायचा तो जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाभरात. प्रत्येक वेळी आवाज नवा, आणि प्रत्येक वेळी कहाणी पुरापासून सांगायची. एका मुलाने मात्र शांतपणे ऐकून घेतलं, फाइल काढून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा अर्ज पूर्ण आहे." त्या दिवशी भाच्याला मी जिलेबी आणायला पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं: आतली बेअरिंगं आणि सील सुटी मिळत नाहीत, कॅटलॉगमध्ये फक्त पूर्ण असेंब्ली आहे. तिचा भाव आम्ही अख्खी गाडी ज्या किमतीला घेतली, त्याच्या निम्म्याहून जास्त होता. एक्स्चेंजची सवलत धरूनही. थांबायचं किती, तर माल बाहेरून येईल तेव्हा.

सुटी बेअरिंगं देत नाही, हे पहिल्या फोनला सांगता आलं असतं. सिरियल नंबर, बिल, ठराव, पत्र हे सगळं मागून झाल्यावर सांगितलं. तोवर होळी होऊन गेली होती, आणि आजोबा हिवाळाभर गेटवरच्या बाकापर्यंत आले नव्हते. राग आहे तो त्याचा.

त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका आले. ते मनेजाच्या बेअरिंग कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. १९६२ मध्ये सुरू झालेली ती कंपनी आधी प्रिसिजन बेअरिंग्ज, मग एफएजी, आता शेफलर. काकांच्या तोंडी अजून प्रिसिजनच. गोणपाटाकडे बघून ते म्हणाले, "अगं, गाडीवाले काय बेअरिंग स्वतः बनवतात? बाहेरून घेतात. उघड, पूस आणि नंबर वाच."

रात्रीच उघडलं. बोल्ट क्रमाने, थोडे थोडे, आणि दोन भाग फोडताना मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घुसवायचा नाही, जोडाची कड दुखावली की पुढे तेल गळतं. मऊ तोंडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकत गेलं की दोन भाग जुळवणाऱ्या डॉवेल पिना सुटतात. प्रत्येक शिम (पातळ चकती) कुठल्या बाजूचा, ते मार्करने लिहून फोटो काढून ठेवला. आतली गिअरं छान होती, दात शाबूत. बेअरिंगं मात्र गेलेली. एकाची आतली रिंग डिझेलने पुसून दिव्याखाली धरली, तर तिच्यावर गंजाचे डाग सारख्या अंतरावर, बरोबर जिथे जिथे गोळी टेकून उभी होती तिथे तिथे. पुरात गाडी उभी होती, हे त्या रिंगवर उमटलेलं होतं. फिरताना प्रत्येक गोळी त्या खड्ड्यांवरून जायची, तीच घरघर.

आणि कडेवर नंबर स्वच्छ कोरलेला: ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं, म्हणजे आतला व्यास २५ मिमी. बाहेरचा ५२, जाडी १५. जगात कुठेही ६२०५ म्हणजे हेच माप. बाकीच्यांचेही नंबर तसेच मिळाले. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे असतात. एकावरचे पुसट होते, ते व्हर्नियरने मोजले. बेअरिंगच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "नंबर बोलो ने, बेन," आणि डबे काउंटरवर आले. महिने फॉर्म भरण्यात गेले होते ती वस्तू.

दुकानात नंबरापुढची अक्षरंही वाचा. २आरएस म्हणजे दोन्हीकडे रबर सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. तेलात फिरणाऱ्या आतल्या जागी उघडीच बेअरिंगं लागतात; चाकाकडच्या टोकाला जशी निघाली तशीच घ्या. सी३ लिहिलेलं असेल तर तेही जुळवा, तो आतला सैलपणा असतो. खोटा माल पुष्कळ आहे, ओळखीच्या दुकानातूनच घ्या, पक्कं बिल घ्या.

बसवायला मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमधला प्रेस वापरला. शाफ्टवर घट्ट बसतं तेव्हा आतल्या रिंगवर दाब, हाउसिंगमध्ये घट्ट बसतं तेव्हा बाहेरच्या. उलटं केलं तर दाब गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसण्याआधीच खराब होतं. सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे, ओठाला थोडं ग्रीस.

एक गोष्ट वर राहून गेली, ती महत्त्वाची आहे. मोटर ट्रान्सअ‍ॅक्सलपासून सुटी असताना तिला पूर्ण व्होल्टेज देऊन 'चालते का' बघू नका. सिरीज मोटरला लोड नसला की वेग आवरत नाही, कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) फुटू शकतो. भाच्याने विचारलं होतं, मी हात धरून थांबवलं.

तेल एसएई ३०, आमच्या गाडीत पाऊण लिटरही लागत नाही. भरायच्या भोकाच्या पातळीपर्यंत. पाणी शिरलेल्या ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये हे पहिलं तेल थोडं चालवून काढून टाका, कोपऱ्यातला ओलावा त्याबरोबर निघतो. आमचं दुसरं तेल स्वच्छ निघालं. आता घरघर नाही. पहिली फेरी आजोबांची झाली, आणि गेटपाशी उतरल्यावर त्यांनी परत एक चक्कर मागितली. अभिमान वाटला, तो लपवत नाही.

ब्रीदरच्या जागी आता रबरी नळी लावून तिचं तोंड सीटच्या उंचीवर बांधलं आहे, विश्वामित्री पुन्हा आली तरी. सगळ्या बेअरिंगांचे नंबर आणि सीलची मापं लॅमिनेट करून सीटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहेत, आणि तो ठराव, बिल, पत्रं यांची फाइल सोसायटीच्या कपाटात आहे. सिरियल नंबर विचारणाऱ्याला ती दाखवा. बेअरिंग घ्यायला सीट उचला.