घुमट, कळ्या आणि आईचा मणी

गणपतीच्या घरगुती देखाव्यात यंदा न्यू पॅलेस करायचा, असं आषाढातच चारचौघांत बोलून बसलो होतो. कोल्हापुरात असं बोललेलं कुणी विसरत नाही. काळ्या दगडातला, १८८४ साली पुरा झालेला हा राजवाडा कागदात तसा सोपा वाटला. भिंती, कमानी, मधला अष्टकोनी घड्याळाचा मनोरा आठ दिवसांत उभा राहिला. अडलं ते घुमटापाशी.

घुमट अर्धगोल धरला, व्यास ७० मिलिमीटर. पेपाकुरामध्ये, म्हणजे संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल उलगडून कागदावर कापायचे तुकडे काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आठ उभ्या पाकळ्यांचं टेम्प्लेट काढलं. चिकटवल्यावर दिसायला लागली अर्धवट उघडलेली छत्री. पायथ्याशी पाकळीचा मध्य खऱ्या गोलाईच्या २.७ मिलिमीटर आत राहत होता, आणि एवढ्याशा घुमटावर तेवढं डोळ्यांत खुपतं. मग सोळा पाकळ्या केल्या. फरक ०.७ वर आला, पण माथ्यावर सोळा टोकं आणि त्यांचे फ्लॅप (चिकटवायला ठेवलेल्या कडा) एका टिंबावर आणताना फेव्हिकॉलचा नुसता लगदा झाला. दोन रात्री पाण्यात.

आईनं कित्येक वर्षं शिलाईकाम केलंय. तो लगदा हातात घेऊन म्हणाली, "अरे, हे तर कळ्यांच्या परकरासारखं बेतलंयस. कापड तिरक्यात ताणलं की सुटतं, म्हणून गोलाईवर बसतं. तुझा कागद सुटणार हाय होय?"

नव्हता सुटणार. कागद एका वेळी एकाच दिशेनं वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, गोळा होत नाही. मग उभं कापायचं सोडलं आणि घुमटाच्या पाच आडव्या पट्ट्या केल्या. सर्वांत वरची सोडून प्रत्येक पट्टी म्हणजे माथा छाटलेला शंकू, त्यामुळे भोवतीनं अगदी गोल. कोपरा राहतो तो दोन पट्ट्यांच्या सांध्यावर, आणि तो दगडाच्या थरासारखा खपून जातो. सर्वांत वरचा तुकडा तर जवळपास पूर्ण चकती निघाला, जेमतेम साडेचार अंशांची फट असलेला. ती फट कापताना मी श्वास रोखून धरला होता.

संगणकावरच्या मॉडेलला भोवतीनं ४८ बाजू दिल्या होत्या, म्हणून छापताना ४८ घडीरेषा आल्या असत्या. जवळजवळ सपाट घड्या लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू केली. पट्टी कोरी छापून आली आणि लाटण्यावरून हलकेच ओढून वळवली.

तरी पहिली पट्टी तडकली. ती २२ सेंटिमीटर लांब, म्हणून ए-फोरवर लांबीच्या बाजूनं लावली होती, आणि माझ्या कार्डशीटचे तंतूही त्याच दिशेनं. तंतू मोडत वळवलं की कागद चिरतो. (कागद दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, ज्या घडीवर सहज वळतो, त्या घडीच्या रेषेच्या दिशेनं तंतू असतात. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर!) पट्टीचे दोन अर्धे करून रुंदीच्या बाजूनं लावले, सांध्याला फ्लॅप न ठेवता आतून कागदाची चिंधी चिकटवली. काळ्या छपाईत कापलेली पांढरी कड उठून दिसत होती, ती स्केचपेननं रंगवली.

कळस मात्र कागदाचा जमलाच नाही. तिथं आईच्या शिलाईच्या डब्यातला पितळी मणी बसलाय.