कासावली ते साळ: गोव्यातल्या ‘झपाटलेल्या’ जागा

शिमग्यात कोल्हापूरहून मावसभाऊ आणि वहिनी आमच्याकडे डिचोलीला आले. किनारे त्यांचे पाहून झालेत, म्हणून यंदा ज्या जागांबद्दल लोक आवाज खाली करून बोलतात त्याच पाहायच्या ठरवल्या. कोणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात कासावलीच्या टेकडीवरच्या तीन राजांच्या चॅपेलपासून. तीन पोर्तुगीज राजे सत्तेसाठी भांडले, एकाने दोघांना विष घालून मारलं आणि शेवटी स्वतःही विष घेतलं, त्यांचे आत्मे इथे फिरतात, अशी ही प्रसिद्ध कथा. पण १५१० पासून गोव्याचा कारभार पोर्तुगालच्या राजाने नेमलेले व्हाइसरॉय आणि गव्हर्नरच पाहत होते, इथे राज्य करणारे तीन राजे आणणार कुठून? चॅपेलच्या नावातले तीन राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ते राजे. दर ६ जानेवारीला कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतली मुलं राजांचा वेष करून, घोड्यावर बसून, वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात. आम्ही गेलो तेव्हा चॅपेल बंद होतं, पण वरून शेतं आणि समुद्र मनसोक्त पाहता आला. कासावलीला रेल्वे स्टेशन आहे. जायचंच तर सणाला जा. रात्री भुतं शोधायला मात्र जाऊ नका, लोकांचं श्रद्धास्थान आहे ते.

राय गावचा ‘इगोरचें बांध’ हा बांध मात्र मनात घर करून राहिला. मडगावहून जवळच, बर्फाच्या सायबिणीच्या (अवर लेडी ऑफ स्नोज) चर्चच्या मागच्या बाजूला. इथली भीती रात्रीची नाही, दुपारी दोन ते तीनची. आम्ही मुद्दाम त्याच वेळी गेलो. ओहोटी लागली होती, चिखलात बारीक खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन चाहूल लागताच आत सटकत होते. सावली कुठेच नाही, पाण्यावरून ऊन थेट डोळ्यांत. सगळा गाव जेवून आडवा झालेला, त्यामुळे चिटपाखरूही नव्हतं. वहिनी म्हणाली, “इथे हाक मारली तर ओ द्यायलाही कोणी नाही.” मला वाटतं, या जागेची भीती तिथेच आहे. खाजन शेतीत, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून केलेल्या भातशेतीत, बांध म्हणजे गावाचा जीव. तो फुटला तर खारं पाणी भातात शिरतं आणि पीक जातं. अशा जागी एकट्यादुकट्याने, पोरांनी तर मुळीच, टळटळीत दुपारी फिरू नये, हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं असेल तर त्यात शहाणपणच आहे. टोपी आणि पाणी बरोबर घ्या, कडेच्या ओल्या मातीवर पाय टाकू नका.

बोरीच्या पुलावर बाई दिसते म्हणतात. वाहतूक इतकी आहे की तिथे गाडी उभी करूच नका.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशी मात्र निदान दोन तास काढा. १६०२ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आली, ते ओस पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलाय तो जांभ्याचा ४६ मीटर उंच सुळका. साथीच्या रोगांनी हे अख्खं शहर रिकामं केलं, १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीला गेली. १६२४ मध्ये इराणमध्ये धर्म सोडायला नकार दिला म्हणून मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष याच आवारात सापडले. डीएनए तपासणीने ओळख पटली आणि २०२१ मध्ये ते जॉर्जियाला दिले गेले. माझ्या मते इथे वेगळं भूत लागतच नाही.

शेवटी आमच्याच तालुक्यातलं साळ. होळी पौर्णिमेपासून तीन रात्री इथे गडे, म्हणजे देवाच्या नावाने धावणारे गावातले पुरुष, असतात. देवचार डोंगरावर दिवटी दाखवतो आणि गडे त्या उजेडाकडे धावतात, अशी श्रद्धा. देवचार हा आमचा राखणदार, त्याच्या नावाने आजही रोट (जाड भाकर) ठेवतात. आम्ही कडेला उभे होतो. धोतराचा काचा मारलेले, उघड्या अंगाचे गडे अनवाणी आमच्यापासून हातभर अंतरावरून गेले. धूळ उडाली, घामाचा वास आला, आणि क्षणात सगळे काळोखात. भावाने मोबाइल काढला तसे शेजारचे आजोबा म्हणाले, “लायट मारूं नाकात, बाबा.” त्याने लगेच खिशात ठेवला. नंतर कितीतरी वेळ आमच्यात कोणी बोललं नाही.

साळला जाणाऱ्यांनी एवढं पाळा: दिवस आधी गावात विचारून पक्के करा, गडे धावतात ती वाट अडवू नका, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, पडलेला नारळ किंवा रोट ओलांडू नका. रात्री बसच्या भरवशावर राहू नका, स्वतःची गाडी लांब लावून चालत जा. जेवण डिचोलीतच उरकून निघा आणि पायात घट्ट चपला घाला, काळोखात दगड दिसत नाहीत.